लग्नाआधीची एक रक्ततपासणी : हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी 'एचपीएलसी' काय सांगते?

बेळगाव : रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. तीन महिने जातात, चार महिने जातात, तरी हिमोग्लोबिन दहाच्या आसपासच घुटमळत राहते. घरचे म्हणतात, खात नाही नीट. गोळी बदलते, दवाखाना बदलतो. शेवटी एखादे डॉक्टर कागदावर चार अक्षरे लिहितात, एचपीएलसी. रिपोर्ट येतो तो इंग्रजीत. त्यावर डोंगररांगेसारखा एक आलेख, खाली चार-पाच आकडे आणि शेवटी एक ओळ : बीटा थॅलेसेमिया ट्रेट. घरात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आता काय झालं?"

बहुतेक वेळा याचे उत्तर असते, "तुम्हाला काहीच झालेलं नाही." पण हाच आकडा नवरा आणि बायको दोघांच्याही रिपोर्टवर असेल, तर पोटातल्या बाळासाठी तो फार मोठा प्रश्न ठरू शकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातल्या सोयरिकी गडहिंग्लज, कागल, चंदगड, कोल्हापूरपर्यंत जातात. मुलीची तपासणी एका राज्यात होते, मुलाची दुसऱ्या, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवून पाहायला सहसा कोणी बसत नाही. म्हणून ही तपासणी नेमकी काय करते, तिचा कागद कसा वाचायचा आणि ती कुठे फसते, हे एका जागी मांडत आहोत.

हिमोग्लोबिन एक नाही, अनेक आहेत

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिन या प्रथिनामुळे. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्याचे काम. एका हिमोग्लोबिनमध्ये प्रथिनाच्या चार साखळ्या असतात, दोन एका जातीच्या आणि दोन दुसऱ्या जातीच्या. त्यांची जोडी कशी जमते यावरून प्रकार ठरतो.

• हिमोग्लोबिन ए : दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या. मोठ्या माणसाच्या रक्तात बहुतांश, साधारण ९५ टक्क्यांहून जास्त, हेच असते.

• हिमोग्लोबिन ए-२ : दोन अल्फा आणि दोन डेल्टा. प्रमाण अगदी थोडे, २ ते ३.५ टक्के. पण थॅलेसेमियाच्या तपासणीत सगळ्यांचे लक्ष याच आकड्यावर असते.

• हिमोग्लोबिन एफ : दोन अल्फा आणि दोन गॅमा. हे गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन. जन्माच्या वेळी निम्म्याहून अधिक हेच असते, नंतर हळूहळू ओसरते आणि मोठेपणी साधारण १ टक्क्याच्या खाली येते.

हे झाले सर्वसाधारण रक्त. याशिवाय साखळीतला एखादा दुवा बदलल्यामुळे तयार झालेले हिमोग्लोबिनचे हजाराहून अधिक प्रकार जगभरात नोंदले गेले आहेत. त्यातले बरेचसे निरुपद्रवी आहेत. आपल्याकडे महत्त्वाचे तीन : सिकलसेलचे हिमोग्लोबिन एस, पंजाबकडे जास्त आढळणारे हिमोग्लोबिन डी आणि ईशान्य भारत व बंगालकडे आढळणारे हिमोग्लोबिन ई.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. सिकलसेलमध्ये साखळीची घडणच बदललेली असते. बीटा थॅलेसेमियात साखळी चुकीची नसते, ती कमी तयार होते किंवा अजिबात होत नाही. सिकलसेलमध्ये खोट मालात आहे, थॅलेसेमियात पुरवठ्यात. एचपीएलसी दोन्ही पकडते, पण वेगवेगळ्या खुणांवरून.

यंत्रात घडते काय?

एचपीएलसी म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी. नाव अवघड असले तरी तत्त्व सोपे आहे.

आठवडी बाजाराचे उदाहरण घ्या. दोघे जण एकाच वेळी बाजाराच्या एका टोकाला शिरले. एकाची इथे कोणाशी ओळख नाही, तो सरळ चालत दुसऱ्या टोकाला पोचतो. दुसऱ्याची प्रत्येक दुकानात ओळख. याच्याशी राम राम, त्याच्याशी दोन शब्द, तिसऱ्याकडे चहा. तो उशिरा बाहेर पडतो. बाहेर घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस, कोण किती मिनिटांनी आला एवढ्यावरून ओळखू शकतो की हा कोणता.

यंत्रातला बाजार म्हणजे बोटाएवढी एक नळी. तिच्यात बारीक कण ठासून भरलेले असतात आणि त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. रक्ताचे काही थेंब पाण्यासारख्या द्रावणात फोडून लाल पेशींतले हिमोग्लोबिन मोकळे केले जाते आणि पंपाच्या दाबाने या नळीतून सोडले जाते. ज्या हिमोग्लोबिनवर धनभार जास्त ते कणांना जास्त घट्ट चिकटते. त्यानंतर नळीतून जाणाऱ्या द्रावणातले क्षाराचे प्रमाण हळूहळू वाढवले जाते. क्षार वाढला की चिकटलेले हिमोग्लोबिन सुटते. आधी सैल चिकटलेले, मग घट्ट चिकटलेले.

नळीच्या तोंडाशी प्रकाशाचा डोळा बसवलेला असतो. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटर लांबीचा प्रकाश जोरात शोषते, त्यामुळे ते समोरून गेले की आलेखावर एक शिखर उमटते. शिखर कितव्या मिनिटाला आले यावरून प्रकार ओळखायचा आणि शिखराखालचे क्षेत्रफळ मोजून टक्केवारी काढायची. एका नमुन्याला साधारण साडेसहा मिनिटे लागतात.

रोगनिदान प्रयोगशाळांत बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या बायो-रॅड व्हेरिअंट यंत्राच्या थॅलेसेमिया पद्धतीत वेळा साधारण अशा येतात :

• हिमोग्लोबिन एफ : पहिल्या मिनिटाच्या आसपास
• हिमोग्लोबिन ए : १.९ ते ३.१ मिनिटे
• हिमोग्लोबिन ए-२ : ३.३ ते ३.९ मिनिटे
• हिमोग्लोबिन डी : ३.९ ते ४.३ मिनिटे
• हिमोग्लोबिन एस : ४.३ ते ४.७ मिनिटे
• हिमोग्लोबिन सी : ४.९ ते ५.३ मिनिटे

रिपोर्टवर 'ए-२ विंडो', 'एस विंडो' असे शब्द दिसतात ते याच वेळांच्या खिडक्या. यंत्र आणि पद्धत बदलली की वेळाही बदलतात. म्हणून एका लॅबचे मिनिट दुसऱ्या लॅबच्या मिनिटाशी ताडून पाहू नये. टक्केवारी मात्र ताडता येते.

एका दुव्याचा फरक, आणि पन्नास वर्षांचा शोध

रंग वेगळे करण्याची ही युक्ती मूळची वनस्पतिशास्त्रातली. रशियन शास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ च्या सुमारास खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला आणि हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे मिळवले.

रक्ताच्या बाबतीत मोठी पायरी १९४९ साली चढली गेली. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सिकलसेल रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे सरकते, म्हणजे त्याच्यावरचा भार वेगळा आहे. आजाराचे मूळ एखाद्या रेणूत दाखवता येते, हे तेव्हा नवे होते. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका दुवा शोधला. बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकलसेल. बस, एवढाच फरक.

ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, व्हॅलिनवर कसलाच नसतो. ऋणभार गेला म्हणजे हिमोग्लोबिन तुलनेने अधिक धन झाले, नळीतल्या कणांना जास्त चिकटले आणि उशिरा बाहेर पडले. आलेखावर हिमोग्लोबिन एस हे ए च्या मागून का येते, याचे कारण हेच. त्याच सहाव्या जागी धनभाराचे लायसिन आले तर हिमोग्लोबिन सी होते, आणि ते त्याहूनही मागून येते.

या शोधात आपल्या भागाचाही वाटा आहे. नागपुरातून शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद जगापुढे ठेवली. मुंबईतून पी. के. सुकुमारन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये तीन सिंधी कुटुंबांत आढळलेल्या एका नव्या प्रकाराचे वर्णन केले. आज जगभर तो 'हिमोग्लोबिन क्यू-इंडिया' म्हणून ओळखला जातो. त्यात अल्फा साखळीतला ६४ वा दुवा बदललेला असतो. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच, या विषयावरची देशातली प्रमुख संस्था आहे.

रिपोर्ट कसा वाचायचा?

खाली दिलेले आकडे वाचकाला अंदाज यावा म्हणून आहेत. निदान डॉक्टरांनीच करायचे.

१) ए-२ साडेतीन टक्क्यांच्या आत, एफ १ टक्क्याच्या आत, दुसरे कोणतेही शिखर नाही : सहसा सर्वसाधारण रिपोर्ट.

२) ए-२ चार टक्के किंवा त्याहून जास्त, बहुधा ४ ते ७ च्या दरम्यान : बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजेच वाहक. सोबत साध्या सीबीसी तपासणीत लाल पेशी आकाराने लहान पण संख्येने जास्त दिसतात.

३) ए-२ साडेतीन ते चारच्या मध्ये : हा सगळ्यात अडचणीचा पट्टा. याला 'नॉर्मल' म्हणून बाजूला ठेवू नये. लोहाची पातळी तपासून, कमतरता असल्यास भरून काढून पुन्हा तपासणी करावी. जोडीदार वाहक असेल तर जनुकीय तपासणीच करावी लागते.

४) ए-२ च्या खिडकीत दहा टक्क्यांहून जास्त : हे खरे ए-२ नसावे. याच खिडकीतून हिमोग्लोबिन ई बाहेर पडते. ई च्या वाहकात हा आकडा साधारण २५ ते ३० टक्के येतो. डी-इराण नावाचा आणखी एक प्रकारही इथेच दिसतो.

५) एस च्या खिडकीत ३५ ते ४० टक्के आणि उरलेले बहुतांश ए : सिकलसेल वाहक. ए जवळपास नाहीच आणि एस हेच मुख्य : सिकलसेल आजार, किंवा एस आणि थॅलेसेमिया यांची जोडगोळी.

६) एफ फार मोठ्या प्रमाणात, ए अगदी कमी किंवा नाहीच, आणि बाळ फिकट, पोट फुगलेले : थॅलेसेमिया मेजरची शक्यता. याला वेळ घालवायचा नाही.

लक्षात येईल की एकाच खिडकीतून दोन वेगळे प्रकार बाहेर पडू शकतात. म्हणून वेगळे शिखर दिसले की चांगली लॅब दुसऱ्या पद्धतीने, बहुधा कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने, खात्री करते. रिपोर्ट घेताना फक्त आकड्यांचा कागद न घेता आलेखाचे पानही मागून घ्यावे. पुढे दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना दाखवायचे झाले तर खरी माहिती त्या पानावर असते.

तपासणी कुठे फसते?

रक्त चढवल्यानंतर : लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. नुकतेच रक्त चढवले असेल तर यंत्र रक्तदात्याचे हिमोग्लोबिन मोजते. साधारण तीन महिने थांबून तपासणी करावी. थांबता येत नसेल तर आई-वडिलांची तपासणी आधी करावी.

लोहाची कमतरता असताना : लोह कमी असेल तर ए-२ सुद्धा कमी दिसते. पावणेचारवर असायला हवा तो आकडा सव्वातीनवर येतो आणि वाहक माणूस नॉर्मल ठरतो. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता घरोघरी आहे, म्हणून हा मुद्दा फार महत्त्वाचा. उलट, बी-१२ किंवा फॉलिक आम्ल कमी असेल तर ए-२ किंचित वाढलेले दिसू शकते.

तान्ह्या बाळाची तपासणी : पहिल्या वर्षात एफ मुळातच जास्त असते आणि ए-२ पुरेसे तयार झालेले नसते. बाळ वाहक आहे की नाही हे ए-२ वरून ठरवायचे तर वर्ष उलटल्यावर.

अल्फा थॅलेसेमिया : मोठ्या माणसाच्या एचपीएलसीत तो बहुधा दिसतच नाही. पेशी लहान, लोह ठीक, ए-२ ठीक, तरी कोडे सुटत नाही, तेव्हा जनुकीय तपासणीचा विचार करतात.

नमुना : जांभळ्या झाकणाच्या नळीत साधारण दोन मिलिलिटर रक्त पुरते. उपाशी पोटी जायची गरज नाही. नमुना थंड ठेवला तर काही दिवस टिकतो, उन्हात गाडीत पडून राहिला तर आलेखावर नसती शिखरे उमटतात.

साखरेच्या रिपोर्टशी काय संबंध?

मधुमेहींची तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबी-ए-वन-सी तपासणी बऱ्याच लॅबमध्ये याच तंत्राने होते. रक्तातली साखर हिमोग्लोबिन ए ला चिकटते. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली ते यंत्र मोजते. ६.५ टक्के किंवा जास्त आले तर मधुमेह धरतात.

आता ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार आहे त्याचे काय? तो प्रकार आणि लॅबची पद्धत यांवर अवलंबून आकडा खोटा जास्त किंवा खोटा कमी येऊ शकतो. सिकलसेल आजार असलेल्याच्या रक्तात हिमोग्लोबिन ए च नसते, मग चिकटणार कशाला? लाल पेशी लवकर मरत असतील तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा कमी दिसतो. लोहाच्या कमतरतेत तो जास्त दिसू शकतो. घरी ग्लुकोमीटरवर साखर दोनशेच्या वर आणि तीन महिन्यांचा आकडा मात्र साडेपाच, असा मेळ बसत नसेल तर डॉक्टरांना विचारा, "माझं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं आहे का?" अशा वेळी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर किंवा फ्रुक्टोसामाइन तपासणी कामी येते.

दोन वाहक एकत्र आले तर

वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. वाहक शेतात राबतो, कारखान्यात जातो, खेळतो, ऐंशी वर्षे जगतो. थोडा फिकटपणा असला तर असतो. त्याला आयुष्यभर लोहाच्या गोळ्या देणे मात्र चूक आहे. लोह कमी असेल तरच द्यायचे.

प्रश्न येतो तो दोघेही वाहक असताना. मग प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता आजारी मुलाची, ५० टक्के वाहकाची आणि २५ टक्के पूर्ण निर्दोष मुलाची. इथे एक गैरसमज फार आहे : "पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होणार." तसे होत नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने काढली जाते.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आयुष्यभर. चढवलेल्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साठते, ते काढण्यासाठी रोज औषध. वडिलांचा खाडा, आईची धावपळ, रक्तपेढीत गट मिळतो का याची धाकधूक, हे सगळे महिन्याच्या महिन्याला. बोन मॅरो ट्रान्सप्लांटने आजार बरा होऊ शकतो, पण त्याला जुळणारा दाता आणि लाखोंचा खर्च लागतो.

देशातल्या सहा शहरांत झालेल्या, ५६ हजारांहून अधिक लोकांच्या एका अभ्यासात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण सरासरी २.७८ टक्के आढळले, म्हणजे साधारण ३६ माणसांत एक. समाजागणिक ते शून्यापासून ९ टक्क्यांपर्यंत बदलते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत ते जास्त असल्याचे पूर्वीपासून माहीत आहे. पण "हा त्यांचा आजार, आमच्यात नाही" असे म्हणायला कोणत्याही जातीला जागा नाही.

नात्यातले लग्न आणि सीमाभाग

आता आपल्या घरातली गोष्ट. आत्याच्या मुलाला मामाची मुलगी, ही सोयरीक आपल्या भागात जुनी आहे. शेजारच्या कन्नड घरांत मामा-भाचीचेही लग्न होते. ओळखीचे घर, जमीन घरात राहते, मुलगी सुखात राहते, असा त्यामागचा विचार. त्यावर टीका करण्याचा इथे हेतू नाही. पण हिशोब माहीत असावा.

समाजात वाहकांचे प्रमाण तीन टक्के धरले, तर वाहक मुलाने परक्या घरातली मुलगी केली तेव्हा तीही वाहक असण्याची शक्यता साधारण ३३ मध्ये एक. तीच मुलगी सख्ख्या मामाची असेल तर शक्यता ८ मध्ये एकाहून थोडी जास्त. वाहक मामाने सख्ख्या बहिणीची मुलगी केली तर ४ मध्ये एकाच्याही वर. एकाच आजी-आजोबांकडून आलेले जनुक दोन वाटांनी परत एका घरात भेटते, म्हणून हे होते.

याचा अर्थ नात्यात लग्न करूच नये असा नाही. नात्यात ठरत असेल तर तपासणी आधी करावी, एवढाच. दोघांपैकी एक जण जरी खात्रीने निर्दोष निघाला तरी बीटा थॅलेसेमिया मेजरची भीती उरत नाही. म्हणून आधी एकाचीच तपासणी केली तरी चालते. तो वाहक निघाला तरच दुसऱ्याची. खर्च निम्मा होतो. मात्र एक अट : पहिल्याचा आकडा सीमेवरचा असेल तर दोघांचीही करावी.

घरात एक वाहक सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांत प्रत्येकाची शक्यता निम्मी असते. त्यांनाही सांगावे. अनेक घरांत हा रिपोर्ट कपाटात लपवला जातो, "पोरीचं लग्न मोडेल" म्हणून. लपवलेला कागद पुढच्या पिढीत रक्तपेढीच्या दारात उघडतो.

गरोदरपणात कळले तर?

उशीर झाला असे समजू नये, पण वेळ थोडा असतो. पहिल्या तिमाहीतच आईची तपासणी व्हावी. आई वाहक निघाली तर त्याच आठवड्यात वडिलांची. दोघे वाहक असतील तर दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा अंश घेऊन, किंवा सोळा आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन, बाळाची जनुकीय तपासणी करता येते.

गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यामुळे लोक या तपासणीला घाबरतात. कायदा लिंग सांगण्यावर बंदी घालतो. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात होणाऱ्या गर्भतपासणीला त्याच कायद्यात स्पष्ट परवानगी आहे. निर्णय मात्र आई-वडिलांचा, समुपदेशकाशी बोलून घेतलेला.

तपासणी कुठे, मदत कुठे?

पहिली पायरी स्वस्त आहे. साधी सीबीसी तालुक्याच्या ठिकाणीही होते. तिच्यात एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच २७ च्या खाली असेल तर पुढे जावे. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने, म्हणजे दशलक्षांतल्या आकड्याने, भागून उत्तर १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमिया मायनरचा संशय धरतात. ०.३६ टक्के मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून करायची 'नेस्ट्रॉफ्ट' ही परीक्षानळीची चाचणीही आहे : नळीमागे धरलेल्या कागदावरची काळी रेघ स्पष्ट दिसली तर ठीक, दिसली नाही तर संशय. पण या सगळ्या चाळण्या झाल्या. शिक्कामोर्तब एचपीएलसीनेच.

बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, कोल्हापुरात सीपीआर, अशा मोठ्या ठिकाणी आधी चौकशी करावी. निपाणी, संकेश्वर, खानापूरच्या लॅब नमुना घेऊन मोठ्या शहरात पाठवू शकतात. तिथे दोन गोष्टी विचारा : नमुना थंड ठेवून जातो का, आणि आलेख मिळेल का.

योजनांच्या बाबतीत सीमाभागातल्या माणसाने दोन्हीकडे पाहावे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १७ राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्येच महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली, त्यामुळे प्रत्यक्ष लाभाबाबत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारूनच जावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल या दोन्हींचा समावेश आहे आणि त्याचे युडीआयडी कार्ड देशभर चालते, राज्याची हद्द आड येत नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून सुरू असलेली थॅलेसेमिया बाल सेवा योजना दहा लाखांपर्यंत मदत करते.

थोडक्यात ध्यानात ठेवा

• लग्न ठरवताना पत्रिकेसोबत एचपीएलसीचा कागदही जुळवा. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते, जनुक बदलत नाही.
• लोहाच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल तर गोळी बदलण्याआधी कारण शोधा.
• रक्त चढवण्याआधी नमुना घ्या. लोह कमी असेल तर ते भरून पुन्हा तपासा.
• ए-२ साडेतीन ते चारच्या मध्ये असेल तर तो 'नॉर्मल' समजू नका.
• आलेखासह मूळ रिपोर्ट जपून ठेवा, आणि सोयरीक सीमेपलीकडे जात असेल तर दोन्ही कागद एकाच डॉक्टरांना दाखवा.
• वाहक निघालात तर लाजू नका, भावंडांना सांगा.

कोगनोळीच्या नाक्यावर राज्य बदलते, पाटीवरची भाषा बदलते, रेशनकार्ड बदलते. रक्तातला दुवा तसाच पलीकडे जातो. साडेसहा मिनिटांच्या तपासणीत तो दिसतो, तेव्हा अक्षता पडायच्या आधी एकदा पाहून घ्यायला काय हरकत आहे?